नॅनचं ‘न्हाई’

एकशे बाराव्या पानावर नॅन ‘नाही’ म्हणाली आणि मी खुर्चीत सरळ बसले. मी तिला ‘न्हाई’ म्हणायला लावलं होतं.

नॅन ही एका इंग्रजी कादंबरीतली मोलकरीण. कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीची. मी तिचं मराठी भाषांतर करत होते. मी हाताने लिहिते. लिहिलेले कागद शिरूरच्या एका डीटीपी सेंटरमध्ये टायपिंगला दिले होते आणि त्यांची प्रुफं माझ्या टेबलावर होती. प्रुफं म्हणजे छापण्याआधी चुका शोधायला काढलेली कच्ची पानं. मी मागची पानं उलटून पाहिली. नॅन जिथे जिथे बोलत होती तिथे ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, ‘तवा’चं ‘तेव्हा’, ‘व्हय’चं ‘हो’. एखाददुसरी चूक असती तर लाल पेनने दुरुस्त करून मी पुढे गेले असते. इथे एकही जागा सुटली नव्हती. इतकी नीट चूक कुणी चुकून करत नाही.

मी वीसेक वर्षं भाषांतराचं काम करते, पण ते सणसवाडीच्या कंपन्यांचं. मशीनची मॅन्युअल, सेफ्टीचे बोर्ड, कँटीनच्या सूचना. ‘गार्ड लावल्याशिवाय मशीन सुरू करू नये.’ असल्या कामात कोण कुणाशी कसं बोलतं हा प्रश्न येत नाही. पुण्याच्या एका प्रकाशकाने जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका काढायचं ठरवलं होतं. एका पुस्तकाच्या भाषांतरकाराने ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मालिकेचे संपादक मुकुंदसर. त्यांनी फोनवर एकच विचारलं, वेळेत द्याल का. मी म्हटलं, कंपनीवाल्यांना देते, तुम्हालाही देईन.

कादंबरीची गोष्ट साधी आहे. रेचल नावाची मुलगी. वडील वारतात आणि घर, जमीन, सगळं थोरल्या भावाकडे जातं, कारण तिथली रीतच तशी. रेचल भावाकडेच राहते. त्याच्या मुलांना शिकवते, त्याची पत्रं लिहून देते, वहिनीचं शिवणटिपण करते. वहिनी तिला मेणबत्त्या मोजून देते. शेजारी लँगली नावाचा जमीनदार आहे, बायको वारलेला. तो रेचलला मागणी घालतो, पण आधी तिच्या भावाला विचारतो. भाऊ हो म्हणतो, कारण लँगलीचं नदीकाठचं कुरण त्याला खंडाने हवं असतं. हा सौदा सगळ्यांच्या आधी नॅनला कळतो आणि ती रेचलला सांगते. रेचल लँगलीला नाही म्हणते, घर सोडते, एका शाळेत शिकवायला लागते. दोन वर्षांनी लँगली पुन्हा येतो. या वेळी तिलाच विचारायला.

त्या काळच्या कादंबऱ्यांत माणूस दारातून आत यायच्या आधी त्याचं उत्पन्न आत येतं. लँगली म्हणजे वर्षाला दोन हजार पौंड. आपल्याकडे बायोडाटात मुलाच्या नावाखाली ‘बागायत’ लिहितात, तसंच.

काम सुरू करताना मुकुंदसरांनी मला स्टाइल शीट पाठवली होती. स्टाइल शीट म्हणजे पुस्तकभर पाळायच्या नियमांचा कागद. त्यातले दोन नियम या गोष्टीला लागतात. पहिला, नोकरचाकर ग्रामीण बोलीत बोलतील. दुसरा ‘यू’बद्दलचा. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’ म्हणतात. मराठीत तू की तुम्ही, ते प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. नियम असा होता की बायका पुरुषांना ‘तुम्ही’ म्हणतील आणि पुरुष बायकांना ‘तू’.

मला त्यात काही खटकलं नाही. उलट पहिला नियम वाचून मी खूश झाले. माझं माहेर न्हावऱ्याचं. ती बोली मला कुठून शिकायची नव्हती.

तर, प्रुफं घेऊन मी डीटीपी सेंटरला गेले. दुकान एसटी स्टँडच्या मागे आहे. मालक दत्तूभाऊ, आणि टायपिंगला प्रज्ञा. प्रज्ञा सत्तावीस-अठ्ठावीसची, बी.ए. झालेली, न्हावऱ्याहून रोज एसटीने येते. हात इतका साफ की तिच्या प्रुफांत मला कधी पानाला दोनपेक्षा जास्त चुका सापडल्या नाहीत. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि हे काय म्हणून विचारलं.

तिने कागदाकडे बघितलंही नाही. “मी बदललं, मॅडम. चुकून नाही.”

दत्तूभाऊ लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक सोडून उठले. झाल्या प्रकाराबद्दल माफी मागायला लागले. उद्यापासून दुसरा माणूस लावतो म्हणाले, आणि ‘दुसरा माणूस’ असं बोलले की ते नुसतं माझ्या कामापुरतं नाही हे तिघांनाही कळलं. मी रागावलेली होते. मजकूर बदलणं हे टायपिस्टचं काम नाही, हे मी प्रज्ञाला चांगलं मोठ्या आवाजात सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नॅन खुळी नाहीये, मॅडम. अख्ख्या पुस्तकात खरं काय ते आधी तिलाच कळतं. पण तुम्ही तिला बोलायला लावलं की ती खुळी वाटते.”

मी म्हटलं, ती मोलकरीण आहे, हे वाचकाला कळायला नको का?

“माझी आई तुमच्या आण्णांच्या रानात कांदे लावायला जाते,” ती म्हणाली. “आई आन् आण्णा एकाच भाषेत बोलतात. भांडतात ते बी त्याच भाषेत. मग पुस्तकात ती भाषा एकट्या नॅनलाच का?”

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी दत्तूभाऊंना सांगितलं की मी कळवेपर्यंत काही करू नका, आणि प्रुफं उचलून घरी आले.

घरी आल्यावर मी माझे मूळ कागद काढले आणि नॅनची वाक्यं मोठ्याने वाचली. “म्या सांगते ताईसाब, त्या कुरनापायी तुमचा सौदा झालाय. खोटं न्हाई बोलायची म्या.” दोन-तीन वाक्यांतच थांबले. तो माझ्या आईचा आवाज होता. माझी आई तीस एकराची मालकीण होती. गडी-बायांना कामं वाटून द्यायची, बाजार समितीच्या आडत्याशी भाव करायची, आणि नॅनसारखीच बोलायची. मी कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा पहिल्या वर्षी होस्टेलच्या मुली माझं ‘हाय’ आणि ‘कवा’ पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायच्या आणि हसायच्या. दिवाळीपर्यंत मी ते सोडलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांत ती भाषा मी पहिल्यांदा कागदावर लिहिली, ती मोलकरणीच्या तोंडी घालण्यासाठी. आणि लिहिताना मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मुकुंदसरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की मूळ लेखिकेनेच नॅनला अडाणी इंग्रजी बोलायला लावलं आहे, आपण ते गुळगुळीत करायचं कसं? हा मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, तिकडे मालक एक भाषा बोलतो आणि नोकर दुसरी, म्हणून ते तिथे खरं आहे. इकडे तसं नाही. ते म्हणाले, वाचकाला तशीच सवय आहे. महिनाअखेर जवळ आली होती. मालिकेतली बाकीची पुस्तकं प्रेसमध्ये गेली होती. त्यांनी सुचवलं की आता हा विषय नको.

मी विषय सोडला आणि रविवारी न्हावऱ्याला हुरडा खायला या म्हणून आमंत्रण दिलं. माझा काही बेत होता असं नाही. जानेवारी होता, आण्णाच्या ज्वारीला हुरडा चांगला आला होता, आणि समोरासमोर बोलणं बरं, एवढंच डोक्यात होतं.

मुकुंदसर शिक्रापूरमार्गे गाडीने आले. साधा, बारीक आवाजात बोलणारा माणूस. आण्णाने आगटी पेटवलेली होती. चटणी, गूळ, दही मांडलेलं होतं. हुरडा भाजेपर्यंत मुकुंदसरांना ऊस बघायचा होता, म्हणून मी त्यांना बांधावरून घेऊन निघाले. उसाच्या पलीकडच्या वाफ्यात कांद्याची लागण चालली होती. ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता.

“लाइट चारला जाणार हाय. त्येच्या आत दोन वाफं उरकायला पायजेत.” हा आण्णाचा आवाज. आम्ही निघालो तेव्हा तोही मागच्या बाजूने तिकडे गेला होता.

“उरकत्यात की. तुमी मधी मधी येता, तवा हात थांबत्यात.”

“तू बोलाय लागली की तुझं हात थांबत्यात. माझं नाव कशाला घेती?”

“तुमीच लावा मग दोन वाफं. आमी बांधावर बसून बोलतो.”

बाया हसल्या. आण्णाही हसला. मुकुंदसर उभे राहिले होते. कोण बोलतंय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक माझा भाऊ आणि दुसऱ्या कमलाबाई, आमच्या टायपिस्टची आई. ते म्हणाले, “भाषा दोघांची एकच आहे. एक तू म्हणतो, दुसरी तुम्ही म्हणते, तेवढाच फरक.”

मी म्हटलं, कमलाबाई आण्णापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहेत.

हे वाक्य बोलून गेले आणि मला पुढचं दिसलं. ते मला आधी दिसायला हवं होतं. आम्ही तिथेच बांधावर बोललो. मी म्हटलं, सर, मालक कोण आणि मजूर कोण हे तुम्हाला आत्ता नुसत्या तू आणि तुम्हीवरून कळलं. नॅनच्या बाबतीत आपल्याला तेवढं पुरे आहे. मालकीण तिला तू म्हणेल, ती मालकिणीला तुम्ही म्हणेल. बोली लागत नाही.

ते कबूल झाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झाले.

“मग दुसरा नियमही बघावा लागेल,” मी म्हटलं.

“तो कशाला?”

“लँगली रेचलला तू म्हणतो आणि ती त्याला तुम्ही म्हणते. हेच आत्ता आपण उसाच्या आडून ऐकलं. तसंच ठेवलं तर पहिल्या पानापासून ती त्याची मजूर झाली. मग तिच्या नाही म्हणण्यात काय उरलं?”

ते म्हणाले, “पण आपल्याकडे घरोघरी असंच बोलतात.”

“हो. माझ्याही घरी.”

“मग?”

“मग काही नाही. पण रेचल अजून त्याच्या घरी आलेली नाही.”

ते हसले नाहीत. तीनशे पानांतली वाक्यं बदलायची म्हणजे किती दिवस, हे त्यांनी विचारलं. मी बारा दिवस मागितले. त्यांनी दहा दिले. त्या बदल्यात पैशांची तळटीप काढून टाका म्हणाले. मी दोन हजार पौंड म्हणजे त्या काळी किती, यावर पाऊण पान लिहिलं होतं. मला ती टीप फार आवडायची. दिली काढून.

आगटीपाशी परत आलो तेव्हा आण्णा हातावर कणसं चोळत होता. मुकुंदसरांनी त्याला सांगितलं की तुमच्यामुळे एक प्रश्न सुटला. कसला, म्हणून आण्णाने विचारलं, तर मी त्याला गोष्ट सांगितली. त्याचा पहिला प्रश्न होता, “त्या लँगलीला बागायत किती?” मी पौंड सांगितले. ते त्याला पटले नाहीत. सगळेच आमच्यासारखे बोलू द्या की, अशी सूचनाही त्याने केली. पुण्यात खपणार नाही, असं मुकुंदसर म्हणाले. मला ती सूचना वाईट वाटली नव्हती.

मग मी रेचलचं ते वाक्य आण्णाला म्हणून दाखवलं, ज्यासाठी सगळा खटाटोप होता. “तुम्ही माझ्या भावाला विचारलंत. मला विचारलं नाहीत.”

आण्णाने चोळलेला हुरडा पुढे सरकवला. मुकुंदसर हात धुवायला उठून गेल्यावर म्हणाला, “हक्कसोडीवर तुझी सही घेतली, तवा मी तुला कुठं इचारलं व्हतं.”

हक्कसोड म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. आमच्या भागात बहुतेक बहिणींनी त्यावर कधी ना कधी सही केलेली असते.

मी म्हटलं, “गाडी पाठवली होतीस.”

“व्हय. गाडी पाठवली व्हती.”

त्या सहीबद्दल आम्ही बहीण-भाऊ बोललो असू तर तेवढंच. मला बरं वाटलं. जमीन परत हवी असं माझ्या मनात नव्हतं आणि नाही. त्याला ते आठवत होतं, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी दत्तूभाऊंना सांगितलं की प्रज्ञाने केलेले बदल तसेच ठेवायचे आहेत आणि पुढचे दहा दिवस ती मला पूर्ण वेळ लागेल. त्यांना काही कळलं नाही, पण कामाचे पैसे वाढतील म्हटल्यावर ते खूश झाले. प्रज्ञाची मी आवाज चढवल्याबद्दल माफी मागितली, पण तू मला आधी विचारायला हवं होतंस, असंही म्हटलं. ती म्हणाली, “विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.” हेही बरोबर होतं.

तूचं तुम्ही करणं म्हणजे एक शब्द बदलणं नाही. ‘तू आलीस’चं ‘तुम्ही आलात’ करावं लागतं, ‘तुला’चं ‘तुम्हाला’, ‘बस’चं ‘बसा’. कॉम्प्युटरची शोधा-आणि-बदला सोय इथे चालत नाही. एक-एक वाक्य हाताने. आम्ही शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलो. मी वाचायची, ती बदलायची. कुठे वाक्य अडलं की दोघी मोठ्याने म्हणून बघायचो. दुपारी डबा उघडायचो. तिच्या डब्यातली ठेचा-भाकरी माझ्याकडे यायची आणि माझ्याकडची पोळी-भाजी तिच्याकडे जायची. इतकी वर्षं मी एकटीनेच काम केलं होतं. शेजारी कुणी असलं की काम असं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

सातव्या दिवशी आम्ही नकाराच्या प्रसंगाला पोचलो. रेचल नाही म्हणते आणि लँगली चिडतो. दोन हजार पौंडांना नाही म्हणणारी तू कोण, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. मी तिथेही ‘तुम्ही कोण’ वाचलं. प्रज्ञाचे हात थांबले.

“इथं तू राहू द्या, मॅडम. एकदाच.”

मी कारण विचारलं.

“आत्तापर्यंत तो तुम्ही म्हणत होता ते तिला हो म्हणवून घ्यायला. नाही ऐकल्यावर तोंडातून तू निघालं. म्हंजी कळतं ना मनात काय होतं ते.”

आम्ही तो एक ‘तू’ ठेवला. दोन वर्षांनी लँगली परत येतो तेव्हा तो पुन्हा ‘तुम्ही’ म्हणतो आणि शेवटपर्यंत म्हणत राहतो. त्याच्यात काय बदललं हे लेखिकेने दीड पान सांगितलं आहे. मराठीत ते एका शब्दात आलं. त्या भाषांतरातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे, आणि ती माझी नाही. मुकुंदसरांनी फोन करून नेमकं त्याच जागेचं कौतुक केलं, तेव्हा मी त्यांना ती कुणाची ते सांगितलं.

पुस्तक मालिकेतल्या बाकी पुस्तकांबरोबर निघालं. आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे दुकानाचं नाव घालायची पद्धत असते. मी प्रज्ञाचं नाव घाला म्हणून सांगितलं. दत्तूभाऊ रुसले. मग दोन्ही नावं छापली, दुकानाचं जरा मोठ्या टायपात. आता कंपन्यांची मॅन्युअलसुद्धा मी लिहिली की प्रज्ञा आधी वाचते, आणि त्या वाचण्याचे पैसे तिला वेगळे मिळतात. मी तिला अजून ‘तू’च म्हणते. ती वयाने लहान आहे, असं मी स्वतःला सांगते.

दौंडहून रेल्वेतल्या एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं. भाषांतर आवडलं, पण मोलकरीण फार शुद्ध बोलते, अशी त्यांची तक्रार होती. मी आभाराचं पत्र पाठवलं आणि तक्रारीबद्दल काही लिहिलं नाही.

प्रज्ञाने नॅनची पानं आईला वाचून दाखवली. कमलाबाईंना गोष्ट पसंत पडली. त्यांनी एकच विचारलं, हिला पगार किती व्हता. प्रज्ञाने मला विचारलं, मी पुस्तक पुन्हा चाळलं. लँगलीचं उत्पन्न नऊ ठिकाणी आलं आहे. नॅनचा पगार कुठेच नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर त्यावर एक तळटीप द्यावी असा माझा विचार आहे. मुकुंदसर ती काढतील.

माझ्या धंद्यातल्या नव्या माणसांना मी एवढंच सांगते. टायपिस्टने मजकूर बदलला तर रागवायचा हक्क तुम्हाला आहे. फक्त रागवायला जायच्या आधी ते पान एकदा मोठ्याने वाचून बघा. मी आधी रागावले आणि मग वाचलं, त्यामुळे मला माफी मागावी लागली.